हार्लनचा चेहरा, लायलचं पडणं

हार्लन प्रुइट गेला तेव्हा लॉस एंजेलिसच्या पेपरात त्याच्यावर एक छोटा मजकूर आला. वेस्टर्न सिनेमांतला बुजुर्ग खलनायक, असं वर ठळक लिहिलं होतं. खाली म्हटलं होतं की घोड्यासकट कड्यावरून कोसळण्याचा तो गाजलेला प्रसंग त्याने तरुणपणी बदली माणूस न घेता स्वतः केला होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. उचलली जीभ लावली टाळ्याला. लिहिणाऱ्याने तो प्रसंग पाहिलेला असणं शक्यच नाही, कारण तो आता जगात कुठे शिल्लक नाही. मी पाहिलाय, आणि एकदाच नाही. त्यात पडतो तो हार्लन नाही. तो त्याचा धाकटा भाऊ लायल, आणि त्या पडण्यातच तो मेला.

मी नेटी. शूमेकरच्या स्टुडिओत कपडे सांभाळायची. शूमेकरचा स्टुडिओ म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. दोन शेड, एक खोटा रस्ता, त्या रस्त्यावर एक खोटी बँक आणि तीच उलट्या बाजूने खोटा दारूचा गुत्ता. एक सिनेमा सोमवारी सुरू व्हायचा आणि पुढच्या आठवड्यात संपायचा. गोष्ट ठरलेली. चांगल्या माणसाचा घोडा पांढरा, वाईट माणसाला मिशी. शनिवारी दुपारी पोरं खाऊच्या पैशांनी तिकिटं काढायची आणि तेवढ्यावर आमच्या सगळ्यांच्या चुली पेटायच्या. लोक या सिनेमांना हसतात. हसू देत. मी त्या सिनेमांना हसत नाही, ते करवून घेणाऱ्यांवर मात्र थुंकते.

प्रुइट बंधू वर बिशपकडचे, ओवेन्स खोऱ्यातले. बापाच्या गाई होत्या. खोऱ्यातलं पाणी लॉस एंजेलिस शहराने नेलं तशा गाई गेल्या, आणि गाईंच्या मागोमाग बाप गेला. आई, ऑर्फा प्रुइट, लोकांचे कपडे धुऊ लागली. तेवढ्यात लोन पाइनच्या खडकांत सिनेमावाले यायला लागले. त्यांना घोड्यावर बसणारी माणसं हवी होती आणि ही दोन पोरं चालायच्या आधी खोगिरावर बसलेली. दोघांचा चेहरा एकाच साच्यातला. तेच लांब नाक, तीच पुढे आलेली हनुवटी. पण हार्लन मुखदुर्बळ आणि लायलचं तोंड कधी मिटायचं नाही. शूटिंगच्या जेवणाच्या रांगेत तो पुढे असायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा.

"नेटी, माझ्या पँटला ठिगळ लावून दे. मागून वारा लागतो आणि घोडा हसतो."

"घोडा तुझ्या बसण्याला हसत असेल."

"माझ्या बसण्याला? अगं, माझ्या घोड्याला विचार. माझ्यापेक्षा त्याला जास्त मिळतं, तरी तो तक्रार करत नाही. हार्लनसारखा आहे बिचारा."

हार्लन मागे उभा राहून नुसता मान हलवायचा. भावाने केलेली थट्टा त्याला आवडायची.

त्या काळी घोडा पाडायची एक रीत होती. घोड्याच्या पुढच्या पायांना बारीक तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंट्याला. घोडा भरधाव सुटला की तार संपते तिथे तो नाकावर आपटतो. वरचा माणूस कसलेला असेल तर उडी मारून बाजूला लोळतो. घोडा बऱ्याचदा उठत नाही. पुढे ती रीत बंद झाली, पण तेव्हा ती रोजची होती आणि कुणी तिच्याबद्दल वाईट वाटून घेत नव्हतं. त्या दिवशी लायलने घोडा कड्याच्या अलीकडे पाडायचा होता. त्याच्या अंगात गाईच्या कातड्याचा बंडी-कोट होता, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, लांबूनही वाईट माणूस कोण ते कळावं म्हणून. तार तुटली. घोडा अडखळला, पण थांबला नाही. पुढे कडा होता.

कॅमेरा चालूच राहिला. कॅमेरावाल्याला नंतर मी विचारलं, तर म्हणाला की हात गोठले. असतील. शूमेकर दफनाला आला, टोपी छातीशी धरून उभा राहिला, ऑर्फाबाईंचा हात हातात घेतला. त्यानंतर तो परत गेला, अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मचा तो तुकडा पाहिला आणि म्हणाला, "हा जपून ठेवा. असं पुन्हा मिळायचं नाही."

तो सिनेमा त्या तुकड्यासकट लागला. लोकांनी श्वास रोखले. मग शूमेकरच्या डोक्यात आलं की पुढच्या सिनेमातही खलनायक शेवटी मरणारच आहे. मग नवा घोडा, नवा माणूस, नवा कडा कशाला? आमच्या धंद्यात हे सर्रास चालायचं. जुन्या सिनेमातली आग, जुन्या सिनेमातली धावती बग्गी नव्या सिनेमात चिकटवायची. फक्त नव्या माणसाला जुन्या माणसाचे कपडे घालायचे, म्हणजे सांधा दिसत नाही. ते कपडे जुळवणं हे माझं काम. पण या तुकड्यात पडायच्या आधी चेहराही दिसत होता. कपडे मी शिवेन, चेहरा कुठून आणायचा?

"चेहरा आहे की," शूमेकर म्हणाला. "जाऊन बोलवा त्याला."

हार्लन आला तेव्हा मी तिथेच माप घ्यायची फीत घेऊन उभी होते. शूमेकरने त्याला खुर्ची दिली, सिगार दिला. हार्लनने सिगार नुसता हातात धरला.

"हे बघ, प्रुइट," शूमेकर म्हणाला, "तुझा भाऊ फार गुणी पोरगा होता. त्याचं काम असं डब्यात पडून राहावं असं मला वाटत नाही. तू त्याचा कोट घाल, चार संवाद बोल. शेवटी तू घोडा उधळलास की आम्ही त्याचा तुकडा जोडू. तुला पडावंही लागणार नाही."

हार्लनने सिगार परत टेबलावर ठेवला.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दुसरा कुणीतरी तुझ्या भावाचा कोट घालेल."

हार्लन हो म्हणाला. घरी कपडे धुणारी आई होती आणि घरातला दुसरा कमावता हात गेला होता. मी त्याला दोष देत नाही. उपाशी माणसाला सल्ला देणारे खूप भेटतात, भाकर देणारे भेटत नाहीत.

खरा कोट लायलबरोबर गेला होता. मी तो तुकडा भिंगाखाली धरून प्रत्येक ठिपका मोठा करून पाहिला आणि कोऱ्या पांढऱ्या कातड्यावर काळ्या रंगाने तसेच ठिपके काढले. डाव्या खांद्यावर एक मोठा, पाठीवर तीन. तो कोट झिजला की दुसरा करायची. असे कोट किती केले ते आठवायचीही इच्छा नाही. पहिला कोट हार्लनला घातला तेव्हा त्याने एकच विचारलं.

"घट्ट होत नाहीये ना त्याला?"

मी बटणं लावत राहिले. चूक त्याच्या लक्षात आली की नाही, मला माहीत नाही.

तर अशी हार्लन प्रुइटची कारकीर्द सुरू झाली. तो आधी दोन वाक्यं बोलायचा, मग पाच, मग अर्धा सिनेमा त्याच्यावर चालायला लागला. विधवेचं कुरण तो बळकावायचा, म्हाताऱ्याला तो ढकलायचा, नायकाच्या कुत्र्याला लाथ तो मारायचा. कुत्र्याला लाथ मारायच्या प्रसंगाआधी तो त्या कुत्र्याला खिशातला मांसाचा तुकडा खाऊ घालायचा आणि कॅमेरा बंद झाला की त्याचे कान कुरवाळत बसायचा. मला तो आवडायचा, हे आता लपवून काय करायचंय. मी विधवा होते, तो एकटा होता. पण त्याच्या आयुष्यात कुणाला बसायला जागाच नव्हती, एक खुर्ची कायमची अडलेली होती.

रस्त्यात बायका त्याला बघून पोरांना जवळ ओढायच्या. पोरं बोटांची पिस्तुलं करून त्याला मारायची आणि तो छातीवर हात ठेवून भिंतीला टेकायचा, म्हणजे त्यांचं समाधान. प्रत्येक सिनेमाच्या शेवटी तो घोडा उधळायचा, कोट फडफडायचा, आणि मग चिकटवलेल्या सांध्यापलीकडे लायल मरायचा. पोरं शिट्ट्या मारायची. हार्लनने तो तुकडा एकदाही पाहिला नाही. स्टुडिओत नवा सिनेमा दाखवायचे तेव्हा शेवट जवळ आला की तो उठून बाहेर जायचा, सिगारेट पेटवायचा.

आमचा नायक होता रँडी कोल. पांढऱ्या घोड्यावर बसायचा तो. घोडा पळायला लागला की त्याच्या जागी दुसरा माणूस बसवायचे. एकदा सिनेमा संपल्यावर तो बाहेर आला, हार्लनच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांसमोर म्हणाला, "काही म्हण, हार्लन, तुझ्याइतकं झकास कुणी मरत नाही."

"मी नाही मरत," हार्लन म्हणाला.

लोकांना वाटलं त्याने विनोद केला. सगळे हसले. रँडी सगळ्यांत मोठ्याने.

रविवारी हार्लन आईकडे जायचा. त्याची गाडी सदा नादुरुस्त, म्हणून पुष्कळदा माझी गाडी आणि मीही. जाऊन-येऊन दिवसभराचा रस्ता, पण कधी शूटिंगच लोन पाइनला असायचं, तेव्हा ते सोपं पडायचं. ऑर्फाबाई उंच, हाडं मोठी, बोलणं कोरडं. डुकराच्या चरबीत शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव ताटात वाढायच्या, स्वतः उभ्यानेच खायच्या. लायलचं नाव त्या घरात निघत नव्हतं. त्याचा फोटोही नव्हता. फोटो काढायला तेव्हा कुणाकडे सवड होती? निघताना मात्र दर वेळी बाई दारात यायच्या आणि हार्लनला विचारायच्या.

"मग? परत कधी मरतोयस?"

"पुढच्या महिन्यात, मा. तुझ्याकडे सिनेमा त्याच्या पुढच्या महिन्यात लागेल."

"बरं."

एवढंच. गाडीत बसल्यावर हार्लनचा चेहरा उतरलेला असायचा. एकदा म्हणाला, "बघितलंस, नेटी? ती मला विसरू देत नाही. बरोबरच आहे तिचं. मी भावाचं मढं विकून खातोय."

मला बाईंचा राग यायचा. वाटायचं, म्हातारी विंचवासारखी आहे, डंख मारल्याशिवाय पोराला घराबाहेर सोडत नाही. त्या गावात सिनेमाचं थिएटर होतं आणि सगळा गाव तिथे जायचा. या बाईच्या पोराचं मरण आठवडाभर पडद्यावर चालायचं आणि हिला ते गल्लीत ऐकावं लागायचं, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. विचारलं मात्र कुणीच नाही. असल्या गोष्टी आमच्याकडे विचारत नाहीत. घरातल्या मेलेल्या माणसाबद्दल गप्प राहायचं, आणि ज्याला जास्त दुःख तो जास्त गप्प, असा आमचा समज.

दुसरी मोठी लढाई आली आणि गेली. हार्लनचे कानशिलावरचे केस पिकले, मी ते काळे करायला लागले, कारण तुकड्यातला लायल काही म्हातारा होत नव्हता. दर वर्षी काजळ थोडं जास्त लागायचं. एके दिवशी शूमेकरने हार्लनला बोलावून सांगितलं की तो रंगीत सिनेमा काढतोय, मोठा, नावाजलेला दिग्दर्शक आणतोय. त्यात एका म्हाताऱ्या शेरीफचं काम होतं. शेवटपर्यंत जिवंत राहणारा, भला, खूप बोलणारा शेरीफ. जाहिरातीवर नाव तिसरं.

"ते काम तुझं," शूमेकर म्हणाला. "इतकी वर्षं इमानाने केलंस."

हार्लन माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, अखेर या माणसाच्या पानात काहीतरी गोड पडलं. पण तो काही वेगळंच बोलायला लागला.

"मला शेरीफ नको, नेटी. त्याच्या बदल्यात मी तो तुकडा मागणार आहे. मूळ फिल्म, प्रती, सगळं. जाळून टाकायला."

"वेडा आहेस का? असं काम परत येत नाही, बाबा. ते आधी घे, तुकड्याचं मग बघ."

"मग कधी? मा सत्तरीला आलीये. मरायच्या आधी तिला एवढं तरी सुख मिळू दे. तिच्या पोराचं पडणं थांबू दे."

शूमेकर हसला. म्हणाला, "त्या तुकड्याची किंमत तुझ्यापेक्षा जास्त आहे." तेव्हा हार्लनने कोट काढला, माझ्या टेबलावर घडी घालून ठेवला आणि चालता झाला. दुसऱ्या दिवसापासून तो गॉवर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहायला लागला. तिथे काम नसलेले घोडेस्वार आपापले बूट-टोप्या घालून उभे असायचे, गर्दीतलं एखादं काम मिळेल म्हणून. सगळ्या देशातली पोरं ज्याला ओळखतात तो माणूस तिथे ऐन विशीतल्या पोरांच्या रांगेत. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काय बुवा, कड्यावरून पडून थेट इथे आलात वाटतं." हार्लनने त्याला सिगारेट दिली.

शूमेकरने दुसरा नट आणला. मी त्याला कोट घातला, मिशी लावली, नाकाला मेण लावलं. तरी सिनेमा लागला तेव्हा थिएटरातली पोरं खिदळली. घोड्यावर बसताना एक माणूस आणि पडताना दुसरा, एवढं पोरांना कळतं. दोन सिनेमे असे पडले आणि शूमेकरने हार्लनला बोलावणं पाठवलं. अट अशी की तुकडा जाळू, पण त्याने सात वर्षांचा करार करायचा. सांगेल ते काम, सांगेल तितकं, पुन्हा खलनायकच. शेरीफ तोवर दुसऱ्याला देऊन झाला होता. हार्लनने उभ्याउभ्याच सही केली.

मूळ फिल्म आणि तिच्या सगळ्या प्रती स्टुडिओच्या मागच्या आवारात आणल्या. थिएटरांत फिरलेल्या जुन्या प्रती तशाही फिल्मवरची चांदी काढायला गाळत असत, त्या कधीच संपल्या होत्या. एका लोखंडी पिंपात हार्लनने ती भेंडोळी टाकली. ती जुनी फिल्म भयंकर पेटायची, पाणी ओतलं तरी विझायची नाही. पिंपातून पिवळा धूर निघाला, डोळे चुरचुरले. मी कोट आणून त्यावर टाकला. हार्लनच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी जे हसू पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तो लायलसारखा दिसला.

सौदा कसला होता ते मला पुढे फिल्म जोडणाऱ्या माणसाकडून कळलं. शूमेकर यापुढे सगळे सिनेमे रंगीत काढणार होता. काळापांढरा तुकडा रंगीत सिनेमात बसतच नाही. म्हणजे त्याने फेकून द्यायची वस्तू हार्लनला सात वर्षांच्या मोलाने विकली होती. असला माणूस नुसता कामापुरता मामा नसतो, मेलेला भाचाही विकतो. हार्लनला मी हे कधी सांगितलं नाही.

पुढची कारकीर्द झटपट सांगून टाकते, कारण तिच्यात सांगण्यासारखं फार नाही. ती सात वर्षं त्याने काढली. मग टेलिव्हिजन आला, त्यातही त्याने विधवांची कुरणं बळकावली. पिकलेल्या केसांचा खलनायक म्हणून लोक त्याला नावाजायला लागले. एका समीक्षकाने लिहिलं की प्रुइटच्या डोळ्यांत असा कडवटपणा आहे जो शिकून येत नाही. शहाणा होता तो समीक्षक. फक्त तो कडवटपणा कुठून आला हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे, कारण तो आला तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते.

पिंपात फिल्म जाळली त्याच्यानंतरच्या रविवारी आम्ही बिशपला गेलो. वाटेत हार्लन शीळ घालत होता. मी त्याला एवढी वर्षं ओळखत होते, त्याला शीळ येते हे मला माहीत नव्हतं. ऑर्फाबाईंनी घेवडा वाढला. हार्लन जेवायला लागलाच नाही.

"मा, तुला एक सांगायचंय. तो तुकडा जाळला."

"कसला तुकडा?"

"लायलचा. मीच जाळला. मूळ फिल्म, सगळं. आता तो कुठल्या सिनेमात यायचा नाही. कुणाला दिसायचा नाही."

बाईंच्या हातात पळी होती. ती त्यांनी भांड्यात ठेवली. भांडं खाली ठेवलं.

"सगळा?"

"सगळा."

"तो पडायच्या आधीचाही?"

हार्लनला कळेना. माझ्याकडे बघायला लागला. मला मात्र त्या क्षणी कळलं.

"पडायच्या आधी तो मागे वळून बघतो," बाई म्हणाल्या. "खडकाच्या वळणावर. एक हात टोपीवर ठेवतो आणि हसतो. दात दिसतात. समोरचा तो तुटका दातही दिसतो. मी तेवढं बघायची. मग डोळे मिटून घ्यायची. पोरांनी शिट्ट्या मारल्या की समजायचं, झालं, आता उघडायला हरकत नाही."

"तू जायचीस? थिएटरात?"

"दर शनिवारी. तुझा सिनेमा असेल तेव्हा आठवडाभर. मागच्या रांगेत बसायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी बोललास?"

"पण तू विचारायचीस ना, मा. परत कधी मरतोयस म्हणून. दर वेळी. मला वाटायचं, तू टोचतेस."

"मग काय विचारू?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लायल कधी येतोय, असं विचारू? तुझ्या तोंडावर? तू इथे बसून जेवत असताना?"

बाई खुर्ची ओढून खाली बसल्या. त्या घरात त्यांना बसलेलं मी त्या दिवशीच पाहिलं.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "तो मागे वळून बघायचा ते कुणाकडे? मला नेहमी वाटायचं, मागे कुणीतरी ओळखीचं आहे."

"मी होतो. मागच्या घोड्यावर. माझी टोपी उडाली होती, म्हणून तो हसला."

"मग तुला बरं आहे," ऑर्फाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुझ्याकडे बघून तो हसलाय. डोळे मिटलेस की तुला दिसत असेल. मला तिकीट काढून बघायला लागायचा."

हार्लनने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, तळवे वर करून. काही मागायला आल्यासारखे.

"नाही दिसत, मा," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी आठवून बघतोय. मला तो फक्त पडतानाच दिसतो."

मला वाटलं, बाई आता उठून त्याला जवळ घेतील. त्या उठल्या नाहीत.

"म्हणजे आता तो आपल्या दोघांकडेही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याच्यापुढचं न उष्टावलेलं ताट उचलून घेऊन गेल्या.